मोरी म्हणजे नाली

स्वयंपाकघर फोडून बावीस दिवस झाले होते. सुभद्रा बैठकीच्या खोलीत, दिवाण आणि टीव्ही यांच्यामधल्या चार फूट जागेत, जमिनीवर शेगडी मांडून पोळ्या लाटत होती. पोळीला पीठ जास्त लागतंय की सिमेंट, हे तिला आता सांगता आलं नसतं.

साल दोन हजार सोळा. दसऱ्याला तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते आणि गावभर तीच चर्चा होती. सुभद्रेला मात्र दसरा वेगळ्याच कारणासाठी गाठायचा होता. तिच्या सासूबाई, मालनबाई, श्रावणात अंगणापलीकडच्या संडासाला जाताना शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं. तिथून त्या यवतमाळला लेकीकडे, रुख्मिणीकडे गेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. म्हणजे घरात कमोड झाल्याशिवाय मालनबाईंना घरी आणता येत नव्हतं. दसऱ्यानंतर रुख्मिणीची लेक बाळंतपणाला येणार, आणि रुख्मिणीचं घर दोन खोल्यांचं.

घरात संडास करा, असं सुभद्रा दोन वर्षं म्हणत होती आणि तिचा नवरा व्यंकटेश दोन वर्षं "पाहू" म्हणत होता. सासू पडल्यावर त्यानं पाहिलं.

बेत तसा सोपा होता. स्वयंपाकघर चांगलं लांबरुंद होतं. त्याच्या मागच्या भागाला भिंत घालून तिथं कमोड आणि आंघोळीची जागा काढायची, आणि पुढच्या भागात जुना खचलेला ओटा पाडून नवा बांधायचा. मिस्त्री राजय्या हाताचा चांगला आणि तोंडाचा गोड. अडचण एवढीच की सुभद्रा पांढरकवड्याची. सव्वीस वर्षं आदिलाबादेत काढूनही तिची तेलुगू भाजीबाजाराच्या पुढं गेली नव्हती. राजय्याला मराठी येत नव्हती. मग दोघं हिंदीत बोलायचे, आणि ती हिंदी दोघांचीही नव्हती.

"कमोड के बाजू में एक मोरी निकालो," तिनं सांगितलं होतं. "बडी निकालो. बुढ्ढे मानस को लगती."

"हौ अम्मा. बडी मोरी," राजय्यानं मान डोलावली.

ती दोन दिवस यवतमाळला सासूला भेटून आली. येऊन पाहते तर कमोडच्या जागेपासून निघालेला, हातभर रुंद आणि वीतभर खोल असा चर, नवी फरशी मधोमध कापत, थेट मागच्या भिंतीबाहेर गेलेला. दारातून कमोडकडे जायचं तर तो ओलांडूनच जावं लागणार. वॉकर धरून चालणारी बाई तो कशी ओलांडणार?

व्यंकटेशनं पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

"अवं, तेलुगूत मोरी म्हंजे नाली! तू नाली मांगली, त्यानं नाली देली."

"मंग मोरीले काय म्हनाचं?"

"बाथरूम म्हनाचं सरळ."

"हो का? मराठी बाईनं तेलुगू मिस्त्रीले हिंदीत बोलाचं, अन् समजलं पायजे म्हून इंग्रजीत सांगाचं! अन् तुमी कुठं होते? तुमाले तर दोन्ही येतात."

व्यंकटेशचं हसू विझलं. तो महसूल खात्यात सीनियर असिस्टंट होता. महिनाभर तो आणि त्याचे सोबती फायलींचे चार चार ढीग करत बसले होते. हे गाव इकडं, ते गाव तिकडं. रात्री घरी येऊन तो जेवायचा आणि बसल्या जागी पेंगायचा.

राजय्यानं कानाला हात लावले. "कलच भर देतूं अम्मा," म्हणाला, आणि गेला तो गेलाच. एक दिवस गेला, दोन गेले, सहा गेले. सुभद्रा रोज सकाळी फोन लावायची. आधी घंटी वाजायची, मग तीही वाजेना. नवा कमोड खोक्यात बसून होता. मांजर त्या खोक्यावर झोपायचं. भांडी अंगणात घासायची, आंघोळ तिथल्याच उघड्या नहाणीला गोणपाट बांधून करायची, आणि डाळीला फोडणी दिली की दिवाणावरच्या गादीला वास लागायचा.

वरून रुख्मिणीचा फोन.

"वयनी, वाईट नोको मानू, पन एक इचारतो. मायले आनाचंच नाई म्हून तर काम लांबवून नाई राह्यले न तुमी?"

ज्या बाईनं दोन वर्षं या संडासासाठी डोकं फोडलं, तिलाच हे ऐकावं लागत होतं. "दसऱ्याले गाडी करून या ताई," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवून चरात पाहत उभी राहिली. दसऱ्याला चार दिवस होते.

शेजारच्या जयवंताबाई वाटीभर कढी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"तुह्या नंबरवरून उचलतच नसंन तो. माह्या फोनवरून लाव."

दुसऱ्याच घंटीला राजय्यानं फोन उचलला. सुभद्रेनं मनात साठवलेलं सगळं ओतलं. थोडं हिंदीत, जास्त मराठीत. पलीकडून टाइल कापायच्या मशीनचा आवाज येत होता. मशीन थांबलं.

"अम्मा, मेरे पे कायकू गुस्सा करते? सारच तो भेजे मेरेकू!"

"कोन सार?"

"तुमारे सार, अम्मा. नया ऑफिस का बाथरूम है बोले. दसरे के पैले होना बोले. घर का बाद में देखेंगे बोले."

सुभद्रेनं फोन जयवंताबाईंच्या हातात दिला. जयवंताबाईंनी कढीची वाटी तिथंच ठेवली आणि काही न विचारता निघून गेल्या. शहाणी बाई.

व्यंकटेश त्या दिवशी जरा लवकर आला. त्यानं बूट काढले, चर ओलांडला, मागं नहाणीत हात धुतले, चर ओलांडला आणि ताटावर बसला. सुभद्रेनं वाढलं नाही.

"राजय्याले कोनं पाठवलं?"

त्यानं रिकामं ताट जरा पुढं सरकवलं.

"नव्या जिल्ह्याची कचेरी भाड्याच्या घरात हाय. तिथं संडास पडका. सायबानं मिटिंगमंदी इचारलं, कोनाच्या पाह्यन्यात मिस्त्री हाय का? सगळे गप. माह्या तोंडून निंगून गेलं."

"अन् मले सहा दिवस सांगता नाई आलं?"

"आज सांगतो, उद्या सांगतो म्हनत राह्यलो."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! एका शब्दापाई मी येडी ठरली. हसले तुमी मले. राजय्याले मी मोरी मांगली हे चुकलं, पन तुमी तर डोये उघडे ठेवून त्यालेच कचेरीले देऊन टाकलं!"

तेवढ्यात फोन वाजला. रुख्मिणीचा. सुभद्रेनं तो स्पीकरवर टाकला आणि नवऱ्यासमोर, ताटात ठेवला.

"सांगा. काम काऊन थांबलं ते तुमीच सांगा ताईले."

व्यंकटेशनं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. पलीकडं खरखर झाली आणि मालनबाईंचा आवाज आला.

"येंकटी, तुह्या कचेरीतला संडास झाला का मंग?"

"व्हत आला, माय."

"खुर्चीचा हाय?"

"हो."

"मंग मले तिथंच आनून ठेव. कोनी सायेब आला का उठत जाईन मी."

सुभद्रेला हसू आलं नाही. तिला रडू आलं, आणि ते रडू फोनमधून यवतमाळपर्यंत गेलं असावं, कारण रुख्मिणी हळू आवाजात म्हणाली, "वयनी, मले माहीत नवतं वं."

दुसऱ्या दिवशी व्यंकटेशनं मिस्त्री परत मागताना, नोकरीत बहुधा पहिल्यांदाच, साहेबाला तोंडावर "नाही" म्हटलं. निदान घरी येऊन त्यानं तसं सांगितलं. राजय्याला मात्र तिकडचं काम टाकून येता येईना. तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, दोन माणसं घेऊन आला. त्यांनी पाइप टाकून चर बुजवला, वर फरशी बसवली, कमोड बसवला.

"ओटा दिवाली के बाद, अम्मा," असं म्हणून तो गेला.

दसऱ्याला दुपारी गाडी आली. नव्या फरशीवर चार दिवस पाय देऊ नका, असं राजय्या बजावून गेला होता. म्हणून व्यंकटेशनं वरून रुंद फळी टाकली होती. दार अजून बसायचं होतं, तिथं सुभद्रेनं जुनं लुगडं बांधलं. मालनबाईंनी ना पाणी घेतलं ना चहा. वॉकर टेकवत, एक एक पाऊल टाकत त्या फळीवरून गेल्या आणि लुगड्याआड दिसेनाशा झाल्या. सुभद्रा बाहेर लुगड्याचा काठ धरून उभी होती. मागं, ओट्याच्या जागी, विटा आणि वाळू तशीच पडली होती.

"सुभद्रे," आतून हाक आली, "चांगलं हाय वं. पन पानी येऊन नाई राह्यलं."

नळाचा पाइप जोडायचा राहून गेला होता. सुभद्रेनं कोपऱ्यातली बादली उचलली, व्यंकटेशच्या हातात दिली आणि पुन्हा लुगड्याचा काठ धरला.