तिच्याच तोंडून

"एका पानावर अकरा उद्गारचिन्हं! बायका काय मनातल्या मनातसुद्धा किंचाळतात?" मुद्रितं तपासणारी बाई पेन्सिलीशीच पुटपुटली.

समोर बसलेल्या आत्यांनी ते ऐकलं, पण एरवीसारख्या हसल्या नाहीत. पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवून त्या वाचू लागल्या. या छापखान्यातली पद्धत जुनी होती. एकीनं हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं छापून आलेल्या कागदावर ताडून बघायचं. कॉम्प्युटर आले, अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे भंगारात गेले. आत्यांचा आवाज तेवढा टिकला. चाळीस वर्षांत त्यांची एक ओळ सुटली नव्हती.

"मी फाटकाशी थांबले पूर्णविराम दादा खिडकीशी लिहीत बसला होता पूर्णविराम."

दादा म्हणजे आत्यांचे थोरले भाऊ. त्यांची ती एक कादंबरी शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचली होती. तिच्यातली बहीण सासरच्या छळाला विटून भर दुपारी भावाच्या दारी येते, त्याला लिहिण्यात गढलेला पाहते आणि त्याची तंद्री मोडू नये म्हणून दार न वाजवताच परत फिरते. त्या प्रसंगावर दोन पिढ्या रडल्या. ती बहीण कोण, हे न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं. अनोळखी बायका आत्यांचा हात हातात घेऊन म्हणत, "बहीण असावी तर अशी." घरात मात्र त्या दुपारचा विषय निघाला, की कुणाला तरी हमखास तहान लागे.

नवरा वारल्यावर दादांनी त्यांना छापखान्यात आणलं. आधार दिला, असं सगळे म्हणत. त्या कादंबरीच्या नऊ आवृत्त्या आत्यांनी याच खुर्चीत बसून वाचल्या होत्या. तिथं 'ती' होती. 'ती' परत फिरते तर फिरू दे बापडी, कागदावरच्या बाईचा हात कोण धरणार!

आता दादा नव्हते. त्यांच्या मुलानं, छापखान्याच्या आताच्या मालकानं, तीच गोष्ट बहिणीच्या तोंडून लिहिली होती. हल्ली अशा पुस्तकांना मागणी आहे म्हणे. लिहिताना त्यानं आत्यांना एका अक्षरानं विचारलं नव्हतं. अर्पणपत्रिका मात्र त्यांच्या नावे होती.

"माझ्या ओठांवर हसू उमटलं उद्गारचिन्ह," आत्या वाचत होत्या. पट्टीवरची बोटं पांढरी पडली होती. "मी दार वाजवलं पूर्णविराम."

पेन्सिल थांबली.

"आत्या, माझ्याकडे 'मी दार न वाजवताच मागे फिरले' असं आहे. ओळ सुटली का हो?"

"नाही सुटली."

"मग परत वाचता?"

"मी दार वाजवलं पूर्णविराम."

काचेच्या आडोशापलीकडून मालक उठून आला. केस पिकले होते, तरी आत्यांसाठी तो बाळच होता.

"काय झालं गं आत्या? दमलीस का? उरलेलं उद्या वाचू."

"दमायला काय झालंय मला? ओठांवर हसू आहे ना माझ्या. तूच लिहिलंयस."

"अगं, कादंबरी आहे ती."

"कादंबरी तुझ्या बापाची होती. तेव्हा मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण बाळ, हे 'मी' कुणाचं?"

"तुझंच की. तुला आवाज द्यायचा म्हणून तर..."

"मला आवाज देतोस? चाळीस वर्षं काय मुक्यानं वाचतेय मी इथं?"

मुद्रितं तपासणाऱ्या बाईनं मान खाली घातली. बाळनं टेबलावरची बाटली उचलली, झाकण फिरवलं, पण पाणी प्यायला नाही.

"लोकांच्या मनात ती तशी आहे, आत्या," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आणि बाबांच्या नावाचा प्रश्न आहे. जुनं उकरून कुणाचं भलं होणार? आईसुद्धा शेवटपर्यंत..."

"आईसुद्धा काय?"

त्यानं बाटलीचं झाकण पुन्हा लावलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," आत्या म्हणाल्या. "माहीत असून लिहिलंस. वर मलाच वाचायला बसवलंस."

त्यांनी हस्तलिखित मिटून त्याच्याकडे सरकवलं, आणि विरामचिन्हं न सांगता, नेहमीच्या बोलण्यात बोलतात तशा म्हणाल्या,

"मी दार वाजवलं, बाळ. डावा हात मोडला होता, म्हणून उजव्यानं वाजवलं. तुझ्या बापानं खिडकीतून मला बघितलं, पडदा ओढला, आणि आतून कडी घातली."