अळणी वाटी

"मावशी, सूप वॉर्डातून परत आलंय. खारट. आठवड्यात दुसऱ्यांदा." मॅनेजरने वाटी ओट्यावर ठेवली.

"हात सढळ पडला असेल," मावशी हसल्या. तो गेल्यावर त्यांनी सूप चाखलं. नुसतं कोमट पाणी. महिन्यापूर्वीचा ताप जाताना चवही घेऊन गेला होता. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली, पण जीभ गेलेल्या स्वयंपाकिणीला कोण ठेवून घेणार? म्हणून त्या कुणालाच काही बोलल्या नव्हत्या.

घरी आप्पांनाही नाही. आप्पा म्हणजे मावशींचे यजमान, निवृत्त मुद्रितशोधक. हृदय अधू, मीठ बंद. भाजी दोन वाट्यांत काढायची, एकीत मीठ घालायचं आणि वाढताना चाखून आप्पांची ओळखायची, ही मावशींची जुनी रीत. लेक म्हणाली होती, खुणेची वाटी ठेव. "मला खूण लागते होय?" म्हणून मावशींनी तिला उडवून लावलं होतं. आता महिनाभर त्या चाखायचं नाटक करून अंदाजाने वाढत होत्या.

त्या दुपारी वाढताना त्यांचं लक्ष आप्पांच्या पावलांकडे गेलं. टम्म सुजलेली. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"अळणी शब्द कुठून आला, माहितीये?" आप्पांना धाप लागत होती, तरी खोड जाईना. "अलवण. लवण म्हणजे मीठ. ज्यात ते नाही, ते अलवण. बोलून बोलून लोकांनी त्याचं अळणी केलं."

"बरं मग?"

"महिनाभरात तू मला अळणी क्वचितच वाढलंस."

मावशींच्या हातातला डाव थांबला. "मग बोलला का नाहीत?"

"तू चाखायचीस, पण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. तुझी जीभ गेली, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि खरं सांगू? भाजी छान लागत होती."

मावशींना रडू आलं, त्याहून जास्त राग आला. "उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

"दोन घास खाऊन जाऊ."

त्यांनी दोन्ही वाट्या आप्पांपुढे सरकवल्या. "तुमची कुठली, तुम्हीच सांगा."

आप्पांनी दोन्हीत बोट बुडवून चाखलं आणि एक जवळ ओढली. "ही."

मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ते खरं सांगताहेत का, हे त्यांना कळेना.