इम्माकोलाताची पाठ

रोझाल्बाने सकाळी दोऱ्या-बटणांचं दुकान उघडलं नाही, तेव्हाच गल्लीला कळलं की तिची म्हातारी आई, इम्माकोलाता, गेली. दक्षिण इटलीत, पुलियातल्या त्या गावात प्रेताला आंघोळ घालून कपडे चढवायला शेजारच्या बायका येतात, आणि येताना डोळे उघडे ठेवून येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घरच्यांनी काय केलं, ते त्याला कुशीवर वळवलं की कळतं.

नुन्त्सियाता मावशीने इम्माकोलाताला वळवलं आणि ती थबकलीच. "अगं बायांनो, बघा तरी! इतकी वर्षं पडून, आणि पाठीला एक जखम नाही. लेकराची पाठ जशी! रोझाल्बा, पोरी, मुलगी असावी तर तुझ्यासारखी."

रोझाल्बाने मान खाली घातली. बायकांना तो विनय वाटला. रात्रंदिवस म्हातारीची कूस बदलणारी, ओल्या चादरी काढणारी, मोल्दोव्हाहून कामाला आलेली व्हिओरिका पाण्याची बादली धरून तिथेच उभी होती. तिच्याकडे न बघता रोझाल्बा म्हणाली, "आईच ना ती. करायलाच हवं."

व्हिओरिका बादली ओतायला बाहेर गेली.

चर्चच्या दारात घरची माणसं रांगेने उभी राहिली, गावाने येऊन त्यांचे हात हातात घेतले. त्या रांगेत व्हिओरिका नव्हती. तुरिनहून आलेल्या सावेरिओने, रोझाल्बाच्या भावाने, तिला आधीच सांगितलं होतं, "तू घरी हो पुढे, कॉफीचं बघ."

सुतकाच्या घरात स्वयंपाक होत नाही, शेजारी जेवण आणतात. टेबलाशी सगळे दाटीवाटीने बसले, व्हिओरिका कॉफी ओतत राहिली. मावशीने पुन्हा पाठीचं कौतुक काढलं. सावेरिओचे डोळे भरून आले. "ताई, तू होतीस म्हणून आई सुखाने गेली."

रोझाल्बाने काटा खाली ठेवला. "मी नाही रे. मी तिला एकदाही वळवलं नाही, मला किळस यायची. सगळं हिने केलं. सकाळी कौतुक तेवढं मी घेतलं."

सावेरिओ म्हणाला, "बरं, पण पगार देत होतोच ना? फुकट थोडंच केलं तिने?"

"नाहीतर काय!" मावशी म्हणाली. "माझ्या सासूकडे पण बाईच आहे. सगळ्या घरांत असंच चालतं हल्ली." सगळ्यांना हायसं वाटलं, आणि पास्त्याचं भांडं पुढे सरकलं.

रोझाल्बाने खुर्ची ओढली. "व्हिओरिका, बस."

"नको बाई, कॉफी निवेल."

"निवू दे. बस म्हणते ना."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. काहीतरी बोलायचं म्हणून रोझाल्बाने विचारलं, "ईस्टरला तुझी आई गेली, तेव्हा जवळ कोण होतं गं?" विचारल्यावर तिला आठवलं. तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हाच व्हिओरिकाने सुट्टी मागितली होती, आणि आपणच म्हणालो होतो, मग आमच्या आईची कूस कोण बदलणार?

"मला सुट्टी मिळाली नाही ना, बाई. शेजारीण यायची, सकाळी एकदा," व्हिओरिका म्हणाली. "वळवायला कुणी नव्हतं. गावच्या बायका तिला कपडे चढवत होत्या, तेव्हा मी म्हटलं, फोनवर मला पाठ दाखवा. त्या नको म्हणत होत्या. पाठ राहिलीच नव्हती, बाई." तिने ॲप्रनचं टोक मुठीत धरलं. "त्या आपसांत विचारत होत्या, हिला मुलगी नव्हती का?"

त्या बायकांना उत्तर द्यायला हवं होतं ते रोझाल्बाने. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं, पण मान वर करून व्हिओरिकाकडे बघायची हिंमत कुणालाच झाली नाही.