चौतीसपैकी एकोणतीस

तिसरीच्या बाई तशा भांडखोर नव्हत्या. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आवाज चढवला असेल तो मधल्या सुट्टीत, नळापाशी ढकलाढकली करणाऱ्या मुलांवर. मोठ्या माणसांशी त्या पडतं घेऊनच वागत आल्या होत्या. पण त्या सोमवारी वाचनताई वर्गाच्या दारात आली ती पिशवी खांद्याला लावूनच.

"बाई, उद्यापासून मी येणार नाही."

वाचनताई म्हणजे शिक्षण कार्यालयाने दिलेली जादा शिक्षिका. जिथली मुलं वाचनात मागे, त्या शाळेत ती रोज दोन तास जायची आणि अडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायची.

"का गं? कुणी काही बोललं का?"

"छे. या शाळेत आता गरज नाही म्हणे. तुमच्या वर्गातली चौतीसपैकी एकोणतीस मुलं गोष्ट वाचतात, असं कार्यालयात दिसतंय."

"एकोणतीस? अगं, मी अकरा भरली होती!"

दर तीन महिन्यांनी बाई एकेका मुलाला शेजारी बसवून मिनिटभर वाचून घेत. मूल अक्षरापाशी आहे, शब्दापाशी, परिच्छेदापाशी की अख्खी गोष्ट वाचतं, ते टॅबमध्ये भरायचं; मग मुख्याध्यापक ते कार्यालयाला पाठवत. टॅबला तेवढंच पुरे. बाईंना ते पुरत नसे. कोण कुठे ठेचकाळलं, ते त्या एका वहीत लिहून ठेवत. त्या वहीवरूनच दोघींनी गट पाडले होते. आठ जण जोडाक्षराला अडणारे, नऊ जण काना-मात्रा गिळणारे, आणि सहा जण न वाचताच चित्र बघून ठोकून देणारे. दोन महिन्यांत पाच मुलं सुटी झाली होती. म्हणजे कुठे नुकती गाडी रुळावर येत होती.

बाईंनी टॅब उघडला. अठरा नावांपुढे बारीक अक्षरांत एकच ओळ होती: बदल, मुख्याध्यापक. त्यात चिमणीही होती. सतत चिवचिवणारी म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलेलं. चित्र दिसलं की चिमणी अशी रंगवून गोष्ट सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, घडाघडा वाचतेय. चित्रावर हात ठेवला की गप्प. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'गोष्ट'.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ग वाचनताईच्या हवाली करून त्या तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

"सर, माझ्या मुलांचे आकडे तुम्ही बदललेत?"

सरांनी आधी दार लावून घेतलं. "बसा बाई. पाणी घ्या."

"पाणी नको मला."

"हे बघा, गेल्या वर्षी आपण कार्यालयाच्या यादीत तळाला होतो. भर बैठकीत मला उभं केलं होतं, शाळकरी मुलासारखं. तुम्ही नव्हता तिथे. आणि मुलं काय, आज ना उद्या वाचतीलच की."

"कशी वाचतील? वाचायला शिकवणारी बाई तुम्ही घालवलीत! आजाऱ्याला ठणठणीत लिहिलं की डॉक्टर कशाला येईल?"

"ती जाईल हे मला कुठे माहीत होतं?" सरांचा आवाज खाली आला. "आता झालं ते झालं. पोटात घाला. शाळेची अब्रू आहे."

"शाळेची नाही सर, तुमची," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. असं त्या कुणालाच कधी बोलल्या नव्हत्या.

शनिवारी पालकसभा होती. बाईंनी भाषण केलंच नाही. अठरा मुलांच्या पालकांना थांबवून घेतलं, प्रत्येकाच्या हातात चित्र नसलेलं एकेक पान दिलं आणि म्हणाल्या, "शेजारी बसा, मुलाला वाचू द्या. मध्ये सांगू नका. कुठे अडतं तेवढं बघा."

चिमणीची आई कपडे शिवायची. ती कोपऱ्यातल्या बाकावर अंग चोरून बसली. "बाई, मलाच वाचता येत नाही. मी काय बघणार?"

"नुसतं ऐका. ती थांबली की एक बोट मिटा."

मिनिट संपायच्या आत दोन्ही हातांच्या मुठी झाल्या. चिमणीने मान खाली घातली. आई उठली. पिशवीतून तिने घडी केलेलं प्रगतिपत्रक काढलं आणि बाईंच्या टेबलावर आपटलं.

"यात लिहिलंय की पोर गोष्ट वाचते. शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलं मी. आख्ख्या आळीत सांगत फिरले. आणि ही खाली सही कुणाची? तुमचीच ना?"

सही बाईंचीच होती. टॅबमधल्या आकड्यांवरून छापलेली चौतीस पत्रकं मागे एका दुपारी पुढ्यात आली, शिपाई खोळंबला होता, आणि बाईंनी एकही न वाचता सह्या ठोकल्या होत्या. आठवडाभर ज्या रागाने त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं, तो आता उलटा फिरून त्यांनाच डसला.

"माझीच," त्या म्हणाल्या. "न वाचता केली. चुकले मी."

तेवढ्यात गलका ऐकून सर दारात आले. "काय चाललंय हे? कुणाच्या परवानगीने?"

"तुम्ही आत या," चिमणीची आई त्यांच्याकडे वळली. "बसा हिच्याशेजारी. वाचून घ्या. मग मला सांगा, पोर गोष्ट वाचते म्हणून."

सर आत आले नाहीत. मागच्या मागे गेले.

खरे आकडे एका कागदावर लिहून बाईंनी त्याखाली अठरा घरांच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि सोमवारी रजा टाकून तो स्वतः शिक्षण कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी चष्मा वर केला. "मुख्याध्यापकांना डावलून आलात?"

"त्यांनी मुलांना डावललं," बाई म्हणाल्या. "पोच द्या."

तीन आठवड्यांनी दोन कागद आले. वाचनताई आठवड्यातून तीन दिवस परत येणार होती. रोज नाही, तीनच दिवस. दुसरा कागद बाईंच्या नावाने होता. चुकीच्या पत्रकांवर सही का केली आणि परस्पर कार्यालयात का आलात, याचा खुलासा करा. सरांना मात्र कुणी चकार शब्द विचारला नव्हता. उलट 'आकडेवारीत सुसूत्रता' या विषयावर बोलायला त्यांना पुढच्या बैठकीचं निमंत्रण होतं. ते ऐकून वाचनताई खो खो हसली. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी खुलाशात सहीची चूक कबूल केली आणि खाली लिहिलं, परस्पर येण्याबद्दल दिलगीर नाही.

पुढच्या चाचणीत चिमणी शब्दांवरून परिच्छेदापर्यंत आली. तेवढंच. मात्रा अजून निसटत होत्या. वर्गात गोष्ट वाचणारे झाले सतरा. बाईंनी सगळं भरलं, टॅब उचलला आणि सरांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्यासमोर कार्यालयाला पाठवा."

"विश्वास नाही का बाई?"

"नाही."

सरांनी ओठ मुडपले, बटण दाबलं आणि टॅब त्यांच्याकडे सरकवला. बाईंनी चौतीसच्या चौतीस ओळींवरून बोट फिरवलं आणि मगच त्या वर्गाकडे वळल्या.