बरफवाला ट्रॅक्टर

आमच्या लोधीखेड्यात कोणाची चप्पल झाडाले लटकलेली दिसली, त लोक ती उतरवाच्या आधी माह्या वेल्डिंगच्या दुकानात येते. बहुतेक वेळा बरोबर ठिकाणीच येते.

मनोहरले त म्या शाळेपासून सोडलं नाई. त्याच्या लग्नात नवरदेवाच्या घोडीवर मीच आधी बसलो, तोंडावरची फुलांची झालर खाली सोडली अन् मांडवापर्यंत गेलो. जयश्रीवहिनीच्या मायनं मलेच ओवाळलं. मनोहर मागून ऑटोत आला. पण तो चिडत नव्हता. त्याची एक सवय होती. काही उलटंसुलटं झालेलं दिसलं, का तो त्या वस्तूकडं पाहतच नव्हता. कमरेवर हात ठेवून चारी बाजूनं पाहे अन् म्हणे, "मध्या, निंग बाहेर." त्याले पक्कं माहीत का मी कुठंतरी लपून मजा पाहून राहिलो असन. मंग मी निंगो, तो माह्या पाठीत एक बुक्की घाले, अन् हिशेब बराबर.

त्याचा पोट्टा रोशन क्यानडात गेला. तिथं त्याची नोकरी अशी, का उन्हाळ्यात लोकांच्या घरापुढचं गवत कापाचं अन् हिवाळ्यात घरापुढचा बरफ लोटाचा. दोन्ही कामं एकाच बुटक्या ट्रॅक्टरवर. त्यानं मोबाइलवर ते दाखवलं अन् मनोहरच्या डोक्यात ते भरलं. त्याच्या संत्र्याच्या बगीच्यात मोठा ट्रॅक्टर घुसत नव्हता, फांद्या मोडे. त्यानं पांढुर्ण्याहून छोटा ट्रॅक्टर आणला, मागं गवत कापाची मशीन लावली, अन् मंग माह्या दुकानात आला.

"समोर एक पत्रा लावून दे," म्हणे, "रोशनच्या ट्रॅक्टरले आहे तसा."

"इथं बरफ कुठून आणशील बे?"

"शेण लोटीन. तुले काय करा लागते, तू वेल्डिंग मार."

म्या मारली. पत्र्यावर मागच्या बाजूनं बारीक अक्षरात 'मनोहर बर्फ सर्व्हिस, क्यानडा' असं बी लिहून देलं. त्यानं ते चार दिवसांनी वाचलं अन् दुकानाच्या दारात येऊन म्हणला, निंग बाहेर. तेव्हापासून सारे त्या ट्रॅक्टरले बरफवाला ट्रॅक्टरच म्हणून राहिले.

संध्याकाळी बापलेकाचा फोन चाले. इकडं संध्याकाळ, तिकडं सकाळ. हा बगीच्यात सीटवर बसलेला, तो तिकडं जाकिट घालून सीटवर बसलेला.

"चाल, तू बरफ लोट, मी गवत कापतो," मनोहर म्हणे. अन् दोघंबी फोन खिशात टाकून एकाच वेळी चाबी फिरवत.

बगीच्यात गवत कापाच्या आधी एक काम करा लागते. डिरिपच्या, पाणी ठिबकाच्या, नळ्या जमिनीवरून उचलून झाडाच्या बेचक्यात अडकवा लागते, नाईतर मशीन त्या चावून टाकते. हे काम मनोहर झोपेतबी करन. मागच्या पावसाळ्यानंतर एक दिवस तो माह्याकडं आला, हातात काळ्या नळीचे तुकडे, चवळीच्या शेंगा मोडल्यासारखे.

"मध्या, लोकाचं नुकसान होईन असं तू कधी केलं नाई."

"काय केलं म्या?"

"म्या नळ्या वर अडकवल्या होत्या. तू खाली टाकल्या."

मी हसलो. म्हणलं, माह्या मायची शपथ, मी तिकडं फिरकलोच नाई. त्याले पटलं नाई. मंग त्याचा चष्मा डिझेलच्या नरसाळ्यात सापडला. ते बी माह्यावर. मंग मोटारसायकल सौसरच्या बाजारात राहून गेली अन् तो बसनं घरी आला. ते बी मीच. मले त सुरुवातीले मजा वाटली. न करता नाव होऊन राहिलं होतं.

मंग डिसेंबरात ताण आला. आंबिया बहारासाठी त्या दिवसांत संत्र्याचं पाणी तोडतो आम्ही. झाड तहानलं पायजे, पानं मलूल झाली पायजे, तवा कुठं मंग फुलते. त्या दिवसांत बगीच्याले कोणी पाणी देत नाई. पाहुण्यानं झाडाखाली हात धुतला तरी घरचा म्हातारा ओरडते. अन् एक दिवस दुपारी मनोहरच्या बगीच्यात पाण्याची मोटार चालू, साऱ्या वाफ्यांत पाणीच पाणी.

जयश्रीवहिनी पायी चालत दुकानात आली. चेहरा लाल झालेला.

"मधुकरभाऊ, मस्करीले बी काही हद असते. अख्खा बहार घालवला तुम्ही."

म्या हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. "वहिनी, तणावात पाणी? मी असं करीन?"

तिनं माह्या तोंडाकडं पायलं. लय वेळ पायलं. मंग तिथंच स्टुलावर बसली अन् पदरानं मान पुसत राहिली. दोघाईले समजलं, का हे माहं काम नाई, तर मंग कोणाचं आहे.

नागपूरच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले, प्रश्न इचारले. आज वार कोणता, घरात किती माणसं. मनोहरनं वार चुकवला अन् माह्याकडं पाहून डोळा मारला, जसं का मीच कॅलेंडर बदललं. डॉक्टर म्हणला, हे विसरणं आता वाढतच जाईन. गाडी चालवू देऊ नका. वाद घालू नका, घाबरवू नका. परतीच्या वाटेवर वहिनी म्हणली, जामसावळीले जाऊ. गेलो. मारुतीपुढं ती डोळे मिटून उभी राहिली अन् मनोहर माह्या कानात म्हणला, "हिले काय झालं बे? इतकी काहून रडून राहिली?"

बाहेर पारावर बसलो, तवा तो माह्याजवळ सरकला.

"मध्या, एक खरं सांग. ते पाणी तूच सोडलं होतं ना?"

म्या त्याच्याकडं पायलं. हसून नव्हता राहिला. भेलेला होता. नरसोबाच्या डोहात पोट्टं बुडाले लागलं का जसं किनाऱ्याकडं पाहते, तसा पाहून राहिला होता. त्याले माहं उत्तर पायजे होतं. कारण म्या नाई म्हणलं असतं, त हे करणारा उरलेला एकच, तो स्वतः, हे त्यालेबी दिसत होतं.

"हाव," म्या म्हणलं. "मीच."

"अन् नळ्या?"

"त्याबी."

"चष्मा?"

"अबे चष्माबी मीच. किती इचारतं."

त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मले दिसलं. त्यानं तिथंच, लोकायसमोर, माह्या पाठीत बुक्की घातली. "हरामखोर," म्हणला, "मले वाटलं माहं डोकंच गेलं."

त्या दिवसापासून त्याच्या घरी जे होईन ते माहं. भाजीत साखर पडली, मधुकर. पायजमा उलटा, मधुकर. गॅसवर रिकामं भांडं जळून काळं झालं, मधुकर. वहिनी नुसती मले फोन करे, अन् मी सायकल काढून जाओ, उभा राहो, बुक्की खाओ. अख्ख्या जिंदगीत म्या जेवढी कुरापत केली नसन, तेवढी त्या दोन महिन्यांत माह्या नावावर चढली.

मंग ट्रॅक्टरचं झालं. मनोहर तो घेऊन विहिरीच्या काठाले गेला. एक चाक दगडावर चढलं अन् इंजन बंद पडलं म्हणून वाचला. वहिनी धापा टाकत म्हणली, "तुम्हीच काही करा, भाऊ. म्या चाबी लपवली त मले चोर म्हणते. काल माह्या अंगावर धावला. कधी बोटबी लावलं नव्हतं त्यानं."

"रोशनले सांगा."

"तो सारं सोडून येईन. आत्ता आत्ता त बसला तिथं."

म्या बॅटरीची वायर काढली अन् खिशात टाकली. मनोहर आला, सीटवर बसला, चाबी फिरवली. काही नाई. परत फिरवली. मंग कमरेवर हात.

"मध्या, निंग बाहेर."

मी झाडामागून निंगलो.

"लाव वायर."

"उद्या लावतो."

"पक्कं?"

"पक्कं."

दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिसऱ्या दिवशीबी. त्याले मजा येई. रोज नवीन मस्करी, रोज तो पकडे. संध्याकाळी रोशनचा फोन आला का बंद ट्रॅक्टरच्या सीटवर बसूनच बोले.

"बाबा, इंजन बंद काहून आहे?"

"मध्यानं वायर काढली."

"काका अजून सुधरले नाई का?" रोशन तिकडून हसे. मी मागं उभा राहून हात हालवो.

झाडं यंदा कमीच फुलली होती. तणावात पाणी पिऊन त्यायनं नुसती पालवी फेकली होती. तरी काही फुलं होती. वहिनी रोज जाऊन पाहे.

फेब्रुवारीच्या शेवटाले एका दुपारी आभाळ काळं नाई, हिरवट झालं. मी त्यायच्याच घरी होतो, टिनाच्या शेडखाली. आधी टिनावर एक आवाज झाला, मंग मोजाची सोय राहिली नाई. बोराएवढ्या गारा, मंग लिंबाएवढ्या. आम्ही एकमेकाले ओरडून सांगून राहिलो होतो अन् ऐकू येत नव्हतं. थांबलं तवा अंगण पांढरं, वाट पांढरी, बगीच्यातल्या झाडांखाली पांढरं अन् त्याच्यावर हिरवी पानं, फुलं, सोललेल्या फांद्या. वहिनी दारात उभी होती, तोंडावर हात ठेवून.

मनोहर खाटेवरून उठला. अनवाणी अंगणात गेला. पायाखाली गारा कुरकुर वाजल्या.

"बरफ," म्हणला. मंग मोठ्यानं, "जयश्री, बरफ पडला."

अन् सरळ ट्रॅक्टरवर जाऊन बसला. चाबी फिरवली. काही नाई. यावेळी तो हसला नाई. परत फिरवली, परत. बरफ वितळून जाईन याची घाई होती त्याले.

म्या वहिनीकडं पायलं. तिनं होकाराची मान हालवली. म्या खिशातून वायर काढली, लावली, अन् चाबीवर माहा हात ठेवून त्याच्या बाजूनं चालाले लागलो.

काय सांगू. हात काहीच विसरले नव्हते. त्यानं पत्रा बराबर जमिनीलगत टेकवला, हळू पट्टे ओढले, दारापासून फाटकापर्यंत. गारा समोर गोळा होत गेल्या, किनाऱ्याले ढीग लागला. वळताना तुळशीच्या ओट्याले चाक लागू देलं नाई. एक पट्टा, दुसरा, मधात एक बोट जागा सुटली नाई. म्या लावलेल्या पत्र्यानं पहिल्यांदाच आपलं काम केलं.

"फोन लाव," म्हणला.

म्या लावला. रोशन तिकडं पहाटेच कामावर निंगला होता, मागं त्याचा ट्रॅक्टर, तोंडातून वाफ.

"पाय बे," मनोहर म्हणला. "आमच्याकडंबी पडला. तू लोट, मीबी लोटतो."

रोशन हसला. म्या मोबाइल फिरवून त्याले अंगण दाखवलं अन् चुकून मागचा बगीचाबी आला. हसू तिथंच थांबलं. संत्र्यावाल्याचाच पोट्टा तो.

"बाबा, बगीचा?"

"काय बगीचा?"

"झाडं, बाबा. फुलं होती ना?"

"झाडं आहे तिथंच," मनोहर म्हणला. "तू बरफ पाय."

मंग हळूच, "काका, आईले द्या फोन."

वहिनी फोन घेऊन आत गेली. दार लोटून घेतलं. काय बोलली ते मले ऐकू आलं नाई, एवढंच ऐकू आलं, "ये. जमन तवा, पण ये."

अंगण साफ झालं होतं. मनोहरनं इंजन बंद केलं. म्या चाबी काढून घेतली. तो खाली उतरला, पांढऱ्या ढिगाकडं पायलं, आभाळाकडं पायलं, मंग माह्याकडं. चांगलं निरखून.

"भाऊ, तुम्ही लय मदत केली," म्हणला.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो मले कधी तुम्ही म्हणला नव्हता.

"तुम्हाले सांगतो," तो जवळ आला, आवाज बारीक केला, "आमच्याकडं बरफ पडत नाई. हे मध्याचं काम आहे. मध्या म्हणजे माहा दोस्त, वेल्डिंगवाला. भल्ला बदमाश आहे. रातभर आणून टाकला असन त्यानं. इथंच कुठं लपून पाहून राहिला असन, तुम्ही पाहाच."

अन् त्यानं कमरेवर हात ठेवले. फाटकाकडं पायलं, गोठ्याकडं, मोटारीच्या खोलीकडं. मी त्याच्यापासून हातभर दूर उभा होतो.

"मध्या," तो ओरडला, "निंग बाहेर."

कोणी निंगलं नाई. तो परत ओरडला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरला, अन् जामसावळीच्या पारावर होतं ते तोंड परत आलं.

"पाहून येतो मी," म्या म्हणलं.

मोटारीच्या खोलीमागं गेलो. तिथं गारा तशाच पडल्या होत्या, तिकडं कोणी लोटल्या नव्हत्या. भिंतीले पाठ लावून उभा राहिलो. श्वास जाग्यावर आला तवा डोक्यावरचा दुपट्टा काढला, केसं इस्कटले, अन् नेहमीसारखा दात काढत निंगलो.

"पकडलं," मनोहर म्हणला. असा हसला का वहिनी दार उघडून बाहेर आली. "एवढा बरफ कुठून आणला बे?"

"रोशननं पाठवला."

"तो माणूस कुठं गेला? इथं होता आत्ता. भला माणूस होता."

"गेला तो," म्या म्हणलं.

त्यानं माह्या पाठीत बुक्की घातली. जोरात लागली. आणखी एक घातली असती, त बरं झालं असतं.