साचादेवीचा कलश

अमरावतीच्या कापूसबाजारात त्या सकाळी कोणी गाठी उचलत नव्हतं. सगळे हमाल खरंखोटं करणाऱ्या साचादेवीच्या, ओल्या मातीत रोवलेल्या कलशाभोवती जमले होते. मी जन्मभर कीर्तनात झांज धरणारा माणूस. देवाचं नाव ऐकलं की हात आपोआप जुळतात. पण असल्या देव्या पाहून पाहून आता हातही थकलेत.

मुंबईच्या बंदरावर आमच्या बाजारच्या गाठी ओल्या निघाल्या होत्या. वजन वाढवायला पाणी कोणी मारलं, याचा हा निवाडा.

"देवी उपाशी हाये! लबाडाले चावल्याबिगर ऱ्हात नाई!" कलश घेऊन आलेला बैरागी गर्जला. कलशामागच्या पडद्याआड त्याचा चेला काहीतरी घरघर फिरवत होता. म्हणे देवीचं जातं.

दलाल खुशालराव मुकटा नेसून, रेशमी आसन घातलेल्या पाटावर चढले. कलशाच्या पितळी बोंडाला त्यांनी हात लावला. काही झालं नाही. त्यांचा मुनीमही तसाच सुटला.

मग गाठी वाहणारी जमुना. हमालांना पाट नव्हता. त्यांनी पाय धुऊन मातीतच उभं राहायचं. तिनं बोट लावलं आणि किंचाळून मागे पडली.

"सापडली!" खुशालराव पुन्हा पाटावर चढून ओरडले. "उद्यापासून कामाले येऊ नको."

"मायबाप, म्या नाई मारलं पाणी! लेकरं काय खातीन माये?"

"मंग देवी तुलेच कावून चावली?"

शाळेत नवे आलेले वामनराव मास्तर पुढे आले. "भरा पुन्हा तुमची देवी," ते कंटाळून म्हणाले. घरघर झाली. मास्तरांनी वहाणा काढल्या, पायांवर तांब्या ओतला आणि बोंडाला बोट लावलं. हात खांद्यापर्यंत उडाला.

"मी कालच नागपुराहून आलो. मग मीही चोर? खुशालराव, आता तुम्ही. खाली उतरून, पाय ओले करून."

"मले... मले सर्दी हाये."

हमाल खो खो हसले. मास्तरांनी कलशावरचं फडकं ओढलं. आत काचेची बरणी, तिला आतबाहेर कथलाचा पत्रा. पडद्यामागे काचेचं चाक.

"चाक घासून वीज होते, बरणीत साठते. ओल्या पायांवाटे ती जमिनीत उतरते, म्हणून झटका. कोरडा पाट आणि रेशीम तिला वाट देत नाहीत. आभाळातली वीजही हीच; म्हणून जहाजाच्या डोलकाठीवरून तांब्याची पट्टी पाण्यात सोडतात, तिला माणसाऐवजी दुसरी वाट द्यायला. ओल्या अंगानं अशा वस्तूला शिवू नका, एवढंच."

दोन हमाल लगेच मास्तरांच्या पाया पडले. "मास्तर, तुमची देवी जबर हाये!"

मास्तर कपाळाला हात लावून बसले.

जमुना मात्र उठली होती. "मंग पाणी कोनं मारलं?"

सगळ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं. ते अजून पाटावरच होते.

बाबांनो, देवाला हात जरूर जोडा, मीही जोडतो. पण त्याच्या नावानं निवाडा होत असेल, तर आधी कोणाच्या पायाखाली पाट आहे आणि कोणाच्या पायाखाली चिखल, तेवढं वाकून पाहा.