आठ खुर्च्यांचं टेबल

आनंदरावांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मांडी घालून बसायला कायमची बंदी केली, तेव्हा निमोण्याच्या त्या घरात पहिल्यांदा डायनिंग टेबलाचा विषय निघाला.

"तूच जाऊन बघ शिरूरला," आनंदराव काठी टेकत बायकोला म्हणाले. "मला मिटिंग हाय. आठ खुर्च्यांचं घे. माणसं येत्यात आपल्याकडं."

तुळजाबाईंना आधी ते खरंच वाटेना. चौतीस वर्षांच्या संसारात घरातली एकही मोठी वस्तू त्यांना विचारून आली नव्हती. फ्रीज टेम्पोतून उतरला तेव्हा त्यांना दिसला. सोफा आला तेव्हा त्या माहेरी, कवठ्याला होत्या. आनंदराव विकास सोसायटीचे चेअरमन. घरात कायम राबता असे, पण ती सगळी माणसं त्यांच्याकडं आलेली. मुलगा स्वराज आणि सून राजनंदिनी पुण्याला.

त्या दुपारी तुळजाबाईंनी परकराचा जुना नाडा काढला आणि हॉलची जागा मोजली. जिथं भिंत संपली तिथं गाठ, जिथं खिडकी आली तिथं गाठ. खुर्ची मागं ओढल्यावर पाठीमागून वाढणाऱ्या बाईला जाता येईल का, हे त्यांनी स्वतः चालून पाहिलं. बांधकामातून उरलेला फरशीचा एक तुकडा गोठ्यामागं पडला होता, तो धुऊन पिशवीत टाकला. मग सुनेला फोन लावला.

"आई, ग्रे घ्या. वर काच. भिंतीला मॅच होईल," राजनंदिनी म्हणाली.

"काचंवर ताटं वाजत्यात गं."

"मग तुम्हाला आवडेल ते घ्या ना. मी ऑफिसच्या कॉलवर आहे, नंतर करते हं."

नंतर काही फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या एकट्याच शिरूरला गेल्या. दुकानदारानं पाणी दिलं, "साहेब नाही आले?" म्हणून विचारलं, आणि न आल्याचं कळल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. तुळजाबाई लाकडांवरून हात फिरवत फिरल्या. मागच्या बाजूला पॉलिश करत बसलेला एक म्हातारा कारागीर त्यांच्याकडं बघत होता.

"बैठके देखिए, माताजी," तो म्हणाला. "बिना बैठे कुर्सी समझ में नहीं आती."

त्या संकोचल्या, पण बसल्या. एका खुर्चीत पाय जमिनीला टेकेनात. दुसरीची पाठ टोचली. तिसरीच्या हात टेकायच्या दांडीत पदर अडकला. असं करत करत तास गेला. शेवटी सागवानी टेबल ठरलं, कडा गोल केलेलं, म्हणजे येता-जाता कुणाच्या मांडीला लागायला नको. खुर्च्यांच्या बैठकीला कापड नको, रेक्झिन हवं. रस्सा सांडला तरी पुसता येईल. रेक्झिनच्या रंगांचे तुकडे त्यांनी दारात उजेडाला नेऊन, घरून आणलेल्या फरशीच्या तुकड्यावर धरून पाहिले आणि चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा पोपटी निवडला. दुकानदार म्हणाला, "काकू, असा कलर कुणी घेत नाही." त्यांनी तोच घेतला.

येताना एसटीत त्या मनातल्या मनात टेबल मांडत होत्या. खिडकीकडं हे. स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची आपली, उठायला सोपी.

टेबल आलं. आनंदरावांनी त्याच्यावर बोटांनी ठकठक केलं, "दणकट हाय," म्हणाले, आणि रविवारी सात जणांना जेवायला बोलावलं.

आठही खुर्च्या भरल्या. तुळजाबाई भाकरी थापायच्या, परातीत घालून न्यायच्या, रस्सा वाढायच्या, परत चुलीशी यायच्या.

"चेअरमन, टेबल एक नंबर निवडलंय," मारुतराव म्हणाले. ते आनंदरावांचे जुने सोबती.

"मग! बघूनच घेतलंय," आनंदराव म्हणाले.

तुळजाबाई त्यांच्या मागंच उभ्या होत्या. पूर्वी पंगत बसे तेव्हा त्याही वाढताना खाली टेकत. कुणीतरी सरकून म्हणे, "वहिनी, तुम्ही बी बसा की." आता सगळ्यांचं बोलणं टेबलावरच फिरत होतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नुसती डोकी होती. माणसं गेल्यावर त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवल्या.

त्याहून वाईट पुढंच होतं. ऑपरेशनच्या आधी, माणसं नसली की आनंदराव चुलीजवळ पाट घेऊन जेवायला बसत. फार बोलत नसत. पण तव्यावरची भाकरी थेट ताटात पडे, "आज मीठ कमी हाय गं," "कांद्याचा बाजार चढला वाटतं," एवढं तरी होई. दिवसातलं दोघांचं बोलणं ते तेवढंच होतं. आता ते हॉलमध्ये बसत, टीव्ही लावून. तुळजाबाई एकेक भाकरी घेऊन वीस पावलं जात आणि रिकाम्या हातानं परत येत. इतक्या हौसेनं आणलेल्या टेबलानं आपल्या हातचं काय नेलं, हे त्यांना आठवड्यानं कळलं. कुणाला सांगणार? सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

एका दुपारी त्यांनी सगळ्या भाकरी आधीच करून फडक्यात गुंडाळल्या, चूल विझवली आणि दोन ताटं टेबलावर नेली. एक आनंदरावांपुढं ठेवलं, दुसरं समोर. आणि बसल्या.

आनंदरावांनी घास तोडला. "भाकरी गार हाय."

"व्हय. माझी बी गारच हाय."

त्यांनी भाकरी रश्श्यात कुस्करली. काही बोलणार तोच मोबाइल वाजला. काठी घेऊन, बोलत बोलतच ते ओसरीवर गेले. अर्धं ताट तसंच राहिलं. तुळजाबाईंना वाटलं, उठावं, ताट उचलावं. उठल्या नाहीत. माशा बसायला लागल्या तेव्हा हात लांब करून त्यांनी ते ताट झाकलं आणि आपलं जेवण चालू ठेवलं.

बऱ्याच वेळानं आनंदराव दारात आले.

"अजून बसलीयेस?"

"बसलीया."

ते येऊन बसले, झाकण काढलं. गार भाकरी मोडून जेवायला लागले. टीव्ही त्यांनी लावला नाही.

त्या दिवसापासून तुळजाबाई दुपारी दोन ताटं मांडू लागल्या. कधी आनंदराव असत, कधी समोरची खुर्ची रिकामी राही. असले की "कांद्याला पाणी दिलं का?" एवढं विचारत. नसले की तुळजाबाई त्यांचं ताट झाकून ठेवत आणि सावकाश जेवत, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याकडं बघत.